जुन्या गाडीला नवा जीव देताना

शाळेत निबंधाला ‘माझे स्वप्न’ हा विषय दिला की चार-पाच वह्यांत तरी मोटारगाडी येतेच. पूर्वी ती शोरूममधली नवीकोरी असे. अलीकडे काही मुले जुन्या गाडीचे स्वप्न लिहू लागली आहेत. कुणाच्या तरी अंगणात धूळ खात पडलेली गाडी आणायची, घरीच उघडायची, पत्रा ठोकायचा, इंजिन बांधायचे, रंग मारायचा आणि स्पोर्ट्स गाडी म्हणून रस्त्यावर काढायची. परदेशात लोक आपापल्या घरी जुन्या गाड्या नव्याने उभ्या करतात, त्याचे व्हिडिओ ही मुले मोबाईलवर पाहतात. मग पालक सभेत अब्बा-अम्मी आम्हाला विचारतात, या वेडाला हो म्हणावे की नाही?

आमचे उत्तर आहे, हो म्हणावे, पण अटी घालून. गाडी स्वच्छ कागदपत्रांसह घ्यावी. ती जपायची की बदलायची, हे पहिला बोल्ट सैल करण्याआधी ठरवावे. आणि काम एखाद्या जाणत्या उस्तादाजवळ बसून शिकावे. या तिन्ही गोष्टी पाळल्या तर हा छंद मुलाच्या हातात आयुष्यभराचे हुनर ठेवून जातो. नाही पाळल्या, तर अंगणात भंगार, खिशाला भोक आणि रस्त्यावर धोका एवढेच उरते.

आपल्याकडच्या स्पोर्ट्स गाड्या

स्पोर्ट्स गाडी म्हणजे नुसती वेगवान गाडी नव्हे. वजनाला हलकी, जमिनीलगत बसणारी, वळणावर भक्कम आणि बहुधा दोनच माणसांची, अशी तिची ओळख. इंग्लंडच्या एमजी आणि ट्रायम्फ या कंपन्यांनी अशा छोट्या, उघड्या गाड्या खूप बनवल्या. आपल्याकडे त्या फार थोड्या आल्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने आली, आणि सामान्य माणसाच्या वाट्याला ॲम्बॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीन घराण्यांच्याच गाड्या उरल्या.

पण त्यातली एक गाडी स्पोर्ट्स गाडीची सख्खी बहीण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये हेराल्ड काढली. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड मोटर कंपनीत तयार होऊ लागली. इंजिन ९४८ सीसीचे. तिचा आराखडा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी केला होता. याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये ‘स्पिटफायर’ ही प्रसिद्ध दोन आसनी स्पोर्ट्स गाडी आणली, आणि तिचा आराखडाही मिकेलोत्ती यांचाच. म्हणजे आपल्या गल्लीत पूर्वी डॉक्टरांची किंवा वकिलांची म्हणून ओळखली जाणारी हेराल्ड आणि विलायतेतली स्पिटफायर या दोघींची हाडे एकच.

दुसरी फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिचीच पुढची आवृत्ती ‘प्रीमियर पद्मिनी’. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद साधारण ४० अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. दिसायला साधी, घरगुती. पण चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, तेव्हा याच फियाटची इंजिने फुगवून, स्प्रिंगा खाली बसवून, आतल्या गाद्या काढून लोक तिला शर्यतीत उतरवत. परदेशी स्पोर्ट्स गाडी मिळत नव्हती, तेव्हा आपल्या मेकॅनिकांनी घरच्याच गाडीतून ती घडवली.

तिसरे नाव गोव्याचे. १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्सने तिथे ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, उघड्या टपाची छोटी गाडी आणली. इंजिन रेनॉचे आणि अंग फायबरचे, त्यामुळे पत्रा गंजण्याचा प्रश्न नाही. फार खपली नाही, पण आज शौकीन ती शोधत असतात.

पद्मिनीचे आपल्या घरांशी वेगळे नाते आहे. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवणारा एखादा चाचा किंवा मामू आपल्या कितीतरी खानदानांत होता. त्या टॅक्सीच्या रोजीवर बहिणींची लग्ने झाली, मुले शिकली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली, कारण टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनीची ती भरली. गाडी गेली. तिला कानाने ओळखणारे, आवाजावरून कोणता टॅपेट सैल झाला हे सांगणारे उस्ताद मात्र अजून आपल्यात आहेत. सगळे उतारवयाला लागले आहेत.

आपल्या पट्ट्यात हे काम का जमते

जुन्या गाडीचे काम करणाऱ्याला तीन गोष्टी लागतात. हरवलेला सुटा भाग बनवून देणारा कारागीर, गादी शिवणारा कारागीर, आणि गाडी महिनोन्‌महिने उघडी ठेवता येईल अशी जागा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन सलग शहरांत या तिन्ही मिळतात.

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, आणि एमआयडीसीत लहान-मोठी वर्कशॉप आहेत. लेथवर हात बसलेली माणसे इथे घराघरांत सापडतात. हेराल्डचे एखादे बुश किंवा फियाटची एखादी पिन बाजारात मिळेनाशी झाली, तर जुना नमुना दाखवून ती लेथवर काढून घेता येते. मात्र नमुना झिजलेला असतो. तो तसाच उतरवला तर नवा भागही झिजलेल्या मापाचाच होतो. म्हणून कंपनीच्या दुरुस्ती पुस्तकातले मूळ माप हाताशी हवे.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले गेले, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीच्या बराकी गेल्या, पण कॅम्प एक ते पाच ही नावे तशीच राहिली. हात रिकामे ठेवायचे नाहीत, या जिद्दीवर ते शहर उभे राहिले. तिथला फर्निचर बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. जिथे सोफे तयार होतात तिथे फोम, रेक्झिन, कॅनव्हास आणि शिलाई करणारे हातही असतात. जुन्या गाडीच्या आसनाचे कापड उसवून त्याचे तुकडे नमुन्यासाठी नेले, तर हुबेहूब शिवून मिळते.

बदलापूरकडे अजून काही रो-हाऊस, बैठी घरे आणि मोकळ्या शेडी आहेत. पण तिथे उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ चा पूर आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस कुणी विसरलेले नाही. उघडून ठेवलेली गाडी पळवता येत नाही. म्हणून जागा उंचावरची घ्यावी, आणि इंजिन, गिअरबॉक्स, डायनमो हे भाग पावसाळ्यात जमिनीवर न ठेवता मांडणीवर चढवून ठेवावेत. गाडी पुरात सापडलीच, तर किल्ली फिरवून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आणि पहिल्याच फेरीत कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी कागद, मग गाडी

जुनी गाडी बघायला गेले की मुलांचे लक्ष रंगाकडे जाते. वडीलधाऱ्यांनी मात्र आधी आरसी बुक मागावे. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. मूळ मालक हयात नसेल तर वारसांची संमती लेखी हवी. एका भावाने परस्पर विकलेली गाडी पुढे दुसऱ्या भावाच्या तक्रारीत अडकते. वारशातला प्रत्येकाचा हक्क हा आपल्याकडे नाजूक आणि गंभीर विषय आहे, तो गाडीच्या नादात डावलू नये.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे योग्यता तपासून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. आपल्या तिन्ही शहरांची नोंदणी कल्याणच्या परिवहन कार्यालयात होते, म्हणजे एमएच-०५ तिथला. फी आणि थकबाकी किती, हे तिथे विचारूनच सौदा करावा.

सुटे भाग घेतानाही हाच नियम. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा मुंबईच्या चोर बाजारात दुर्मीळ वस्तू मिळतात. दुकानदाराकडून पावती घ्यावी. जो पावती द्यायला कचरतो, त्याच्याकडचा माल कुठून आला हे आपण न विचारताच समजून घ्यावे.

जपायची की बदलायची?

आता मुख्य निर्णय. इथे भावनेपेक्षा कायदा आधी समजून घ्यावा.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते, पण ती मूळ रूपात राखलेली हवी. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. पुनर्नोंदणीची फी ५ हजार रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणी झाली तर क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर काढता येते.

दुसऱ्या बाजूला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

या दोन नियमांचा अर्थ घरच्या भाषेत असा. हेराल्डला ५० वर्षे कधीच झाली. ती मूळ रूपात उभी केली तर तिला व्हिंटेजचा मान मिळू शकतो. त्याच हेराल्डमध्ये दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवले, टप कापला, चाकांच्या कमानी रुंद केल्या, तर तो मान गेला आणि वर दंडाची टांगती तलवार. टप कापण्यात कायद्यापलीकडचाही धोका आहे. फियाटला वेगळी चासी नाही. तिचे अंगच तिची चासी आहे. टप कापला की मधूनच गाडी खचू लागते, दारे बसत नाहीत, आणि अपघातात आतल्या माणसाला आधार उरत नाही.

म्हणून आमचा कौल जपण्याकडे आहे. गाडी जिने घडवली त्या हातांचे काम समजून घेण्यात जी शिकवण आहे, ती करवतीने टप कापण्यात नाही.

उघडणे सोपे, जोडणे अवघड

घरी सुरू केलेल्या बहुतेक गाड्या उघडण्यात नव्हे, जोडण्यात अडकतात. उत्साहाच्या भरात आठ दिवसांत गाडी मोकळी होते आणि सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही. त्यावर उपाय शाळकरी शिस्तीचा आहे. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो. प्रत्येक बोल्टसाठी छोटी पिशवी, तिच्यावर नाव आणि तारीख. वायरिंग कापायची नाही, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची. एक जाड वही करून रोज काय काढले, काय तुटले, काय मागवले हे लिहायचे. आमच्या मते ती वही गाडीइतकीच मोलाची असते.

पानेही नीट निवडावेत. फियाटचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे, हेराल्डचे इंचाच्या मापाचे. चौदाचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून हेराल्डच्या बोल्टवर लावला की डोके गोल झालेच समजा. गंजलेल्या बोल्टवर तेल घालून रात्रभर थांबावे. सब्र इथे सर्वांत स्वस्त अवजार आहे.

घरी काम करायला हेराल्ड अधिक सोयीची. तिची चासी वेगळी आणि अंगाचे भाग बोल्टने जोडलेले. पुढचे दोन्ही मडगार्ड बॉनेटसकट एकत्र पुढे कलंडतात आणि इंजिन तिन्ही बाजूंनी हाताशी येते. शिकाऊ मुलासाठी याहून चांगली शाळा नाही.

खरा दुश्मन गंज

आपल्या हवेत चार महिने ओल. पत्र्याच्या आतल्या पोकळीत पाणी साचते आणि बाहेरून रंग चकचकीत असताना आतून पत्रा खाऊन टाकते. दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, बॅटरीखालची जागा आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बसतात ती टोके, एवढ्या जागा तपासाव्यात. खिशात एक छोटे लोहचुंबक ठेवावे. ते जिथे चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर आहे.

पुट्टी वाईट नाही. ठोकून सपाट केलेल्या पत्र्यावरची बारीक उणीव भरायला ती असते. पण भोकावर जाळी लावून वर पुट्टी थापणे म्हणजे पुढच्या माणसाची फसवणूक. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा, तेवढाच नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा, मग गंजरोधक प्राइमर, आणि आतल्या पोकळीत मेण किंवा ग्रीससारखा थर. फियाटच्या दारांखालच्या पट्ट्या कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी जोडून घ्यावी, आणि दोन्ही बाजू एकदम कापू नयेत. नाहीतर अंग वाकते आणि मग कोणतेच दार लागत नाही.

इंजिन : ऐकायला शिका

जुने इंजिन पाहून घाबरू नये. त्यात संगणक नाही. हवा-पेट्रोल यांचे मिश्रण कार्बोरेटर करतो, ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ठरवतात, आणि बाकी सारे पिस्टन, रिंगा, वाल्व आणि तेल यांचे काम. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती फिलर गेजने मोजून लावली की निम्म्या तक्रारी मिटतात. इंजिन खोलण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. नुसत्या रिंगांनी भागणार असेल तर बोअरिंगचा खर्च कशाला?

दोन गोष्टी मात्र त्या काळी नव्हत्या. पहिली, भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल मिळते. पूर्वी पेट्रोलमधले शिसे वाल्वच्या बैठकीला आधार देई. हेड उघडलेच असेल तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. दुसरी, आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते आणि हवेतली ओल ओढून घेते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे वायसर इथेनॉल सोसणारे घ्यावेत, आणि महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल भरून ठेवू नये.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक गंमत आहे. काहींमध्ये बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. आजच्या सवयीने उलटी जोडणी केली की वायरिंग जळते. आधी पाहावे, मग जोडावे.

बदल करायचाच तर

जीव वाचवणाऱ्या गोष्टींना आमची हरकत नाही. तीन टोकांचे सीट बेल्ट, चांगले टायर, नव्या ब्रेक नळ्या, नीट प्रकाश देणारे दिवे, वायरिंगला फ्यूज. डायनमोऐवजी अल्टरनेटर लावला तर पावसात दिवे मंद होत नाहीत. हे भाग मूळ रूपाला फारसा धक्का लावत नाहीत, आणि जुने भाग जपून ठेवले तर परत बसवता येतात. व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर एवढे बदलही आधी परिवहन कार्यालयात दाखवून घ्यावेत. इंजिन बदलण्याचा विचार असेल तर परवानगी आधी, काम नंतर, आणि आरसीवर नोंद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नको.

ताकद वाढवण्याची हौस असणाऱ्यांनी क्रम लक्षात ठेवावा : आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर सतत दाबले की ते तापतात आणि पकड सुटते. माळशेजच्या घाटात हे कळणे फार महाग पडते. हेराल्डच्या मागच्या चाकांची ठेवणही अशी आहे की वेगात वळण घेऊन अचानक पाय काढला तर चाक आत दुमडू पाहते. तरुण हातांना हे आधीच सांगायला हवे.

आणि सायलेन्सर. फटफट आवाज करणारा सायलेन्सर लावला म्हणजे गाडी स्पोर्ट्स होत नाही. आपल्या इमारतीत आजारी दादी असते, तान्हे बाळ असते, परीक्षेचा अभ्यास चाललेला असतो. शेजाऱ्याच्या झोपेवर आपला शौक उभा करू नये. ठोकाठोकीचे कामही रात्री दहानंतर बंद म्हणजे बंद.

घरातल्यांची हिफाजत

हा भाग अम्मी आणि अब्बांनी दोघांनी वाचावा.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. मेकॅनिक ज्याला घोडी म्हणतात ते लोखंडी स्टँड दोन्ही बाजूंना लावल्यावरच. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, कारण ती फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके बांधून टाकून द्यावे. सुटे भाग पेट्रोलने धुऊ नयेत, आणि पेट्रोलचा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीलगत तर मुळीच नको. हार्डनर घालून मारायच्या रंगाची वाफ श्वसनाचा कायमचा आजार देऊ शकते. असला रंग घरी न मारता रंगाची बंदिस्त खोली असलेल्या ठिकाणी मारून घ्यावा. तेलाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. आणि लहान मुले गाडीच्या आसपास असताना काम थांबवावे.

खर्चाचा हिशेब

जुनी गाडी उभी करायला जितका पैसा लागतो, तितका ती विकून सहसा परत येत नाही. हे आधीच मान्य करावे. म्हणून यासाठी कर्ज नको, व्याज नको, बहिणीच्या फीचे किंवा हजसाठी साठवलेले पैसे नकोत. दर महिन्याला घरखर्च भागून जे उरते त्यातून एक रक्कम ठरवावी आणि काम टप्प्याटप्प्याने करावे : आधी ब्रेक आणि पत्रा, मग इंजिन, मग वायरिंग, सर्वांत शेवटी रंग आणि गाद्या. अनेक जण उलटे करतात. रंगाला पैसे जातात आणि ब्रेक तसेच राहतात. छंद आणि इसराफ यांच्यातली रेघ इथेच असते. कधी गाडी विकायची वेळ आली, तर वही आणि फोटो समोर ठेवून प्रत्येक दोष सांगून विकावी.

उस्ताद हयात आहेत तोवर

आता त्या गोष्टीकडे येऊ ज्यासाठी हा लेख लिहिला. नव्या गाडीचा बिघाड संगणक जोडून कळतो. कार्बोरेटरची गाडी कानाने, नाकाने आणि बोटांनी समजून घ्यावी लागते. ही विद्या पुस्तकात थोडी आहे, हातात जास्त. आपल्या समाजात डेंटिंग, पेंटिंग, वायरिंग, वेल्डिंग करणारे असे हात पिढ्यान्‌पिढ्या होते. ते शागीर्द म्हणून शिकले, बहुतेकांनी शाळा लवकर सोडली. म्हणून त्यांनीच आपल्या मुलांना सांगितले, बेटा, हा काळ्या हातांचा धंदा तू करू नकोस. त्यांच्या मनातली कळकळ आम्ही समजतो. पण त्यातून मुलांनी हुनरालाच कमी लेखायला सुरुवात केली, हे नुकसान मोठे आहे.

शाळा सोडून गॅरेज नव्हे, शाळेसोबत गॅरेज, असे आमचे म्हणणे आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. अंबरनाथ आणि उल्हासनगर दोन्हीकडे शासकीय आयटीआय आहे, तिथे चौकशी करावी. वेल्डर, टर्नर, फिटर हे अभ्यासक्रमही याच कामाचे. मुलींनीही मागे राहू नये. वायरिंगचा नकाशा वाचणे, माप घेणे, हिशेबाची वही ठेवणे यांत आमच्या विद्यार्थिनी मुलांपेक्षा काकणभर सरस आहेत.

तेव्हा गाडी विकत घेण्याआधी एक काम करा. मोहल्ल्यातल्या जुन्या उस्तादांकडे मुलाला घेऊन जा, सलाम करा आणि सुटीच्या दिवशी दोन तास बसू देण्याची विनंती करा. मुलाने पहिले दोन महिने फक्त भाग धुवावेत, पाने ओळखावेत, पाहावे आणि वहीत लिहावे. उस्तादांना मोबदला ठरवून द्यावा, चहावर भागवू नये. दोन महिन्यांनंतरही मुलगा स्वतःहून जायला तयार असेल, तर खुशाल गाडी शोधायला बाहेर पडा. आणि तोवर त्याचा शौक ओसरला असेल, तर घरात भंगार न येता प्रश्न सुटला, म्हणून शुक्र माना.